सूर्याला भिंत लागत नाही



पुणे-नाशिक रस्त्याने मंचर, कळंब मागे टाकून नारायणगावला आलं, की पूर्वेला खोडदची वाट फुटते. तिथल्या जाळीच्या अवाढव्य तबकड्या जुन्नर-आंबेगावच्या पोराटोरांनाही ठाऊक आहेत. एकेकीचा व्यास 45 मीटर आणि अशा 30 तबकड्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही जीएमआरटी दुर्बीण दूरच्या दीर्घिकांसाठी नावाजली गेली खरी, पण सूर्यावर उद्रेक झाला की निघणाऱ्या मीटरभर लांबीच्या रेडिओलहरीही तिला टिपता येतात. उद्रेकात तिथला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायू, चुंबकीय वेढे झुगारून बाहेर पडतो. सूर्याचं त्यात काही बिघडत नाही. आपल्याच गुरुत्वाकर्षणाने बांधलेला गोळा तो. त्याला भिंतच नाही, मग भाजणार काय?

सूर्याला तळपत ठेवणारी अणुसंमीलनाची, म्हणजे हलके अणू जुळवून ऊर्जा मिळवण्याची, किमया पृथ्वीवर करायची म्हटली, की भिंत आली. खोडदची दुर्बीण ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, तिचे संस्थापक होमी भाभा 1955 साली जिनिव्हाच्या अणुपरिषदेचे अध्यक्ष होते. संमीलनाची ऊर्जा काबूत आणायची रीत दोन दशकांत सापडेल, असं ते तिथे म्हणाले. त्याला सत्तर वर्षं होऊन गेली. बातम्या येतात त्या तापमानाच्या. अमक्या यंत्रात दहा कोटी अंश, तमक्यात पंधरा कोटी. मला विचाराल तर भिंतीची गोष्ट त्याहून रंगतदार आहे.

फ्रान्समधल्या 'इटर' या संमीलनाच्या भट्टीत भारत भागीदार आहे. तिचं सुमारे 30 मीटर उंचीचं पोलादी कवच लार्सन अँड टुब्रोने हजिऱ्यात भागाभागांनी घडवून पाठवलं. आतला प्लाझ्मा चुंबक अधांतरी धरून ठेवणार. पण चुलीतली राख काढावीच लागते, तसा तयार झालेला हेलियम उष्णतेसकट तळाच्या 'डायव्हर्टर'वर उतरवावा लागतो. मे महिन्यात भर दुपारी जुन्नरच्या माळावर दर चौरस मीटरला साधारण एक किलोवॅट ऊन पडतं. डायव्हर्टरवरचा मारा त्याच्या दहा हजार पट. म्हणून तिथे टंगस्टन लावतात. वितळायला त्याला 3,400 अंश लागतात, आणि मागून पाणी खेळवून तो गार ठेवता येतो.

सततची आच टंगस्टन सोसतो. त्याचा घात करतात ते झटके. प्लाझ्माच्या कडेला अस्थिरता माजते आणि मिलिसेकंदाहूनही कमी वेळात उष्णतेचा फटका बसतो. धातूचा वरचा पापुद्रा तापून फुगू पाहतो, खालचा गार भाग त्याला पसरू देत नाही, आणि तो जागच्या जागी चेपला जातो. निवताना हाच पापुद्रा आक्रसतो, ताणला जातो, तडकतो.

हे पाहायला भट्टी पेटायची वाट बघत बसत नाहीत. जर्मनीत युलिश इथे टंगस्टनच्या नमुन्यांवर इलेक्ट्रॉन झोताने असे फटके मारले, थेट दहा लाखांपर्यंत. मोजक्या फटक्यांत ज्याला काही होत नाही, तो पृष्ठभाग लाखो फटक्यांनी खडबडीत होतो, भेगाळतो. तेही धातू वितळण्याच्या बराच आधी. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतही 200 किलोवॅटच्या इलेक्ट्रॉन झोताखाली भिंतीचे नमुने तपासण्याची सोय आहे. नेदरलँड्समध्ये खराखुरा प्लाझ्माच नमुन्यावर सोडतात, कारण हेलियमच्या माऱ्याने तापल्या टंगस्टनवर सूक्ष्म तंतूंची लव उगवते आणि नुसत्या इलेक्ट्रॉनांनी ती उगवत नाही.

भेग पडली म्हणून भिंत काही लगेच ढासळत नाही. धास्ती असते ती सुटलेल्या कणांची. टंगस्टनचा अणू जड. प्लाझ्मात दहा हजारांमागे एखादा मिसळला, तरी किरणांवाटे इतकी उष्णता निघून जाते की संमीलन मंदावतं. असं असूनही 'इटर'ने 2023 साली मुख्य भिंतीचं बेरिलियमचं अस्तर रद्द करून तिथेही टंगस्टनच लावायचं ठरवलं. नव्या वेळापत्रकात प्रयोगांचा मुहूर्त 2034 चा आहे. नमुन्यांना तोवर बरेच फटके खायचे आहेत.