दगड फोडणाऱ्याचे घर

कॉर्नवॉल आणि पश्चिम डेव्हन येथील तांब्या-कथलाच्या खाणींचा प्रदेश युनेस्कोने २००६ साली जागतिक वारसा यादीत घेतला, तेव्हा इंजिनघरांबरोबर खाणकामगारांच्या वस्त्यांनाही त्यात स्थान मिळाले. दक्षिण ऑस्ट्रेलियातील बुरा या गावी १८४९ ते १८५२ या काळात बांधलेली पॅक्स्टन स्क्वेअरची ३३ दगडी घरे दुरुस्त करून प्रवाशांच्या निवासासाठी वापरात आणली गेली. पिंपरी-चिंचवडच्या परिसरात अशा घराचा शोध घ्यायचा झाल्यास तो मोशीच्या खाणींकडे नेतो आणि तेथे प्रश्नाचे स्वरूपच पालटते, कारण येथील खाण म्हणजे धातूसाठी खणलेले भुयार नसून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेल्या काळ्या पाषाणाची उघडी खाण आहे.

या खाणींत पिढ्यान्‌पिढ्या राबलेला प्रमुख समाज वडारांचा. गाडीने दगड वाहणारे गाडी वडार, मातीकाम करणारे माती वडार आणि जाती, पाटे-वरवंटे घडवणारे जाते वडार, अशी त्यांची पोटनावे कामावरूनच पडलेली आहेत. घरात तेलुगूशी नाते सांगणारी वडारी बोली, बाजारात मराठी, आणि शासनदप्तरी विमुक्त जातींत नोंद. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पुढे चाकणपर्यंत कारखाने पसरले, आणि या साऱ्या उभारणीला रस्त्यापासून पायापर्यंत खडी लागली. ती फोडणाऱ्याचे स्वतःचे घर मात्र विक्रीस न चालणाऱ्या वेड्यावाकड्या दगडांची, बहुधा चुना-मातीविना रचलेली भिंत आणि वर पत्रा, एवढेच राहिले. खाण संपली की वस्ती उठते, म्हणून त्या घराला जुने होण्याची संधी क्वचितच मिळते.

वारसा म्हणून जपणूक होते ती सहसा घरात कोण राहिले यावरून. चिंचवडगावातील चापेकर वाडा आज स्मारक आहे तो २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी पुण्यातील प्लेग अधिकारी रँडवर केलेल्या हल्ल्यामुळे, आणि ते उचितच आहे. तथापि अशा कोणत्याही वाड्याचे जोते, म्हणजे भिंतीखालचा उंच दगडी चौथरा, निरखले तर दगडाच्या दर्शनी अंगावर टाकीचे तिरपे, किंचित असमान घाव दिसतात. यंत्राने कापलेल्या गुळगुळीत दगडात ते नसतात. घडवणाऱ्याचे नाव नसले तरी त्याच्या हाताची ठेवण तेथे उमटलेली असते.

जुन्या दगडी घराच्या दुरुस्तीत सर्वाधिक हानी होते ती सिमेंटने. काळा पाषाण पाणी फारसे शोषत नाही, त्यामुळे भिंतीत शिरलेला ओलावा बाहेर पडतो तो मुख्यतः दरजांतून, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यांतून. पूर्वी तेथे माती किंवा चुना असे आणि ओल हळूहळू उडून जाई. त्या दरजा सिमेंटने बुजवल्या की पाणी आतच कोंडते, भिंतीच्या गाभ्यातील मातीचा भराव ढिला होतो, तुळयांची भिंतीत रुतलेली टोके कुजतात, आणि वरून टणक दिसणारी भिंत पोटातून फुगू लागते. योग्य क्रम उलटा आहे: आधी छपराची गळती आणि पायाशी साचणारे पाणी थांबवावे, मग सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढून, आठवडेच्या आठवडे भिजवलेला चुना वाळू-सुरखीसह चुन्याच्या घाण्यात मळून दरजा भराव्यात. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. तिच्यामुळे चुना ओलसर जागीही धरतो. चुन्यात गूळ वा बेलफळाचा गर घालण्याचीही रीत होती, जिच्याकडे आधुनिक स्थापत्यशास्त्र आता पुन्हा गांभीर्याने पाहू लागले आहे.

खाणीवरच्या घराला यातील बरेचसे लागूच पडत नाही, कारण तेथे दरजा भरलेल्याच नसतात. दगड एकमेकांच्या भाराने बसतात, फटींत कपच्या ठोकल्या जातात, आणि ठरावीक अंतराने एक लांब दगड भिंतीच्या आरपार घालून दोन्ही बाजू बांधून घेतल्या जातात. पाऊस भिंतीतून वाहून जातो. अशी भिंत कलली तर ती तेवढी उतरवून त्याच दगडांनी पुन्हा रचता येते, फक्त कोणता दगड कुठे बसेल हे नजरेने ओळखणारा माणूस हवा. बिनचुन्याच्या दगडी रचनेचे हेच कौशल्य युनेस्कोने २०१८ मध्ये क्रोएशिया, ग्रीस, इटलीसह युरोपातील आठ देशांच्या नावे अमूर्त वारसा म्हणून नोंदवले. मोशीत ते अजून पत्र्याखालच्या चार भिंतींत आहे, आणि वस्ती उठते तेव्हा त्या भिंतींचा दगड क्रशरकडे जाऊ शकतो.