पावतीवरचा माल



साहित्य मंडळाने व्याख्यान द्यायला सांगितले, तेव्हा मी विषय सांगितला आणि संयोजक थोडे गप्प झाले. शेअर दलालावरची मालिका हा साहित्याचा विषय कसा? मी म्हटले, बोलू द्या, मग ठरवा. त्या भाषणाचा हा मजकूर आहे.

मालिका 'स्कॅम 1992'. दिग्दर्शक हंसल मेहता, दहा भाग, सोनी लिव्हवर 2020च्या ऑक्टोबरात आली. आधार पत्रकार सुचेता दलाल आणि देबाशिस बसू यांच्या पुस्तकाचा. कोरोनामुळे दवाखान्यात गर्दी नव्हती, संध्याकाळ रिकामी असे. मी आणि मुलगा रोज एक भाग पाहायचो. असे नाट्य जगाला नवे नाही. लंडनच्या थेम्स टेलिव्हिजनने 1989-90 मध्येच 'कॅपिटल सिटी' नावाची मालिका काढली होती. तीत शेन लाँगमन नावाची काल्पनिक बँक आणि तिथले व्यवहार करणारे तरुण होते. पण आपल्याकडचे नाट्य खरे घडलेले होते, आणि त्याचा शेवट आपल्यातल्या कित्येकांनी स्वतःच्या खिशाने पाहिला होता.

आधी घडले काय, ते सोप्या भाषेत सांगतो. समजा, तुमच्या कोठारात दहा खंडी भात आहे. तुम्हाला पंधरा दिवसांपुरते पैसे हवेत. तुम्ही भात मला विकता आणि पंधरा दिवसांनी थोड्या जास्त दराने परत घेण्याचा शब्द देता. भात हलवायचे कष्ट कशाला, म्हणून तुम्ही चिठ्ठी लिहून देता : 'माल माझ्याकडे आहे, तुमचा आहे.' बँका सरकारी रोख्यांचे असेच व्यवहार करीत. त्यांना 'रेडी फॉरवर्ड' म्हणत आणि चिठ्ठीला 'बँक रिसीट', म्हणजे बीआर. मध्ये दलाल असे. पैसे त्याच्या खात्यातून जात आणि मधल्या दिवसांत तो ते शेअर बाजारात फिरवी. पुढे तर कोठारात भात नसतानाही चिठ्ठ्या निघू लागल्या. अशा चिठ्ठ्या काढणाऱ्यांत बँक ऑफ कऱ्हाड होती, हे आपल्या मराठी मुलखाने विसरू नये.

या पैशावर एसीसीचा शेअर काही महिन्यांत शेकड्यांतून हजारांत गेला. 22 एप्रिल 1992 रोजी सेन्सेक्स 4467वर होता. दुसऱ्याच दिवशी सुचेताबाईंची बातमी टाइम्स ऑफ इंडियात आली. जानकीरामन समितीने पुढे मोजलेली तूट चार हजार कोटींच्या वर होती. सुचेताबाईंचे बालपण आपल्या शेजारच्या बेळगावात गेले. मालिकेत त्यांचे पात्र हर्षदपेक्षा कमी चमकते. पण कोठार उघडून पाहणारी तीच एकटी होती.

आता माझी गोष्ट. त्या वर्षी मी तरुण होतो, डिचोलीत दवाखाना नुकता बसत होता. एका स्नेह्याच्या सांगण्यावरून औषधांच्या कपाटासाठी ठेवलेले बारा हजार मी शेअरमध्ये घातले. ते गेले. त्याचे फार वाईट वाटले नाही, कपाट पुढच्या वर्षी झाले. पण दुपारच्या वेळी मी आमच्या कंपाउंडरकाकांजवळ भावांची बढाई मारत असे. ते पेडण्याकडचे, माझ्यापेक्षा वयाने मोठे, आणि डॉक्टरचा शब्द म्हणजे त्यांना काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी मला न सांगता मुलीच्या लग्नाचे पैसे गुंतवले. मे महिन्यात त्यांनी एवढेच म्हटले : "दोतोर, तुमी सांगलें म्हणून घेतले." रागावले असते तर सोपे गेले असते. माझी सही नसलेली ती पावतीच होती. माल नसताना मी ती दिली होती.

अठ्ठावीस वर्षांनी मालिकेचा शेवटचा भाग संपला. 31 डिसेंबर 2001, ठाण्याच्या कोठडीतला मृत्यू. मुलगा म्हणाला, "बाबा, माणूस भारी होता हां." मी चिडणार होतो, मग आठवले की चौथ्या-पाचव्या भागात मीही त्याच्याच बाजूने पाहत होतो. प्रतीक गांधी काम करतो सुंदर, संगीत रक्तात उतरते. दशावतारात संकासुर आला की मुले त्याच्याच मागे धावतात, तसे ते आहे. नाट्याचा हा दोष नाही. पण पडद्यावर कंपाउंडरकाका फारसे दिसत नाहीत, आणि दिसले तरी लक्षात राहत नाहीत.

मी जैन घरात वाढलो. आमच्याकडे श्रावकाचे एक अणुव्रत आहे, परिग्रह-परिमाण. किती मिळवायचे, किती ठेवायचे, याची मर्यादा आधीच स्वतःशी बोलून ठेवायची. भाव चढत असताना ती ठरवता येत नाही, म्हणून आधी. आमचा समाज व्यापाराचा, त्यामुळे हे व्रत व्यापार सोडायला सांगत नाही. फक्त थांबायची जागा विचारते. कुडण्याला जैन मंदिराचे अवशेष आहेत, तिथे गेलो की मला हाच प्रश्न आठवतो.

आणि हे मुंबईपुरते नाही. चीनची मागणी वाढली तेव्हा आपल्या हलक्या प्रतीच्या खनिजालाही भाव आला. डिचोलीत कर्ज काढून टिपर घेतले गेले. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या, आणि टिपर अंगणात उभे राहिले. झोप येत नाही म्हणून येणाऱ्यांना मी तपशिलाने विचारत बसे : कधीपासून, कोणत्या वेळी, काय मनात येते. उत्तर बहुतेक वेळा हप्त्याच्या तारखेपाशी येऊन थांबे. त्यावर माझ्या पेटीत औषध नव्हते. आता मोपाला विमाने उतरतात, आणि पेडण्यात जमिनीचा भाव विचारणारे रोज नवे येतात.

म्हणून इथल्या लिहिणाऱ्यांना विनंती आहे. टिपरच्या त्या वर्षांवर कोणीतरी नाटक लिहा. नायक चमकदार असू द्या, लोक त्याच्यासाठी येतील. पण एका प्रवेशात अंगणातला टिपर दाखवा, आणि त्याच्या चाकाशी हप्त्याचे पुस्तक घेऊन बसलेला माणूस.

कंपाउंडरकाकांच्या मुलीचे लग्न दीड वर्ष लांबले आणि नंतर चांगले झाले. मी आहेर जरा जास्तच केला. त्यांनी तो मोजला, ठरलेल्या रिवाजाइतका ठेवला आणि उरलेला परत माझ्या हातात दिला.