सुई न टोचता शुगर? आधी थोडी केमिस्ट्री

आजचा विषय तुम्हीच दिलाय. ऑनलाइन सेल लागला की दोन-अडीच हजारांची स्मार्टवॉच दिसायला लागतात. त्यांवर लिहिलेलं असतं: बीपी, ऑक्सिजन आणि ब्लड शुगर, तेही सुई न टोचता. मग मेसेज येतात, "दादा, आईला डायबेटिस आहे, तिच्यासाठी घेऊ का?"

नका घेऊ. म्हणजे वेळ बघायला घ्या, पावलं मोजायला घ्या, पण शुगरसाठी नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने नेमक्या याच प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्वचेला न टोचता स्वतःच ग्लुकोज मोजतं असं म्हणणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मंजुरी दिलेली नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दंडाला लावलेल्या सेन्सरचा आकडा घड्याळ नुसता दाखवत असेल, तर ती गोष्ट वेगळी. तिथे मोजणारा दुसराच असतो.

आता, हे का जमत नाही? घड्याळाच्या मागचा हिरवा दिवा नाडी पकडतो, कारण रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं आणि प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त कमी-जास्त होतं. ग्लुकोजला असा रंगच नाही. आणि असतं तरी किती? उपाशीपोटी निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण ९० मिलिग्रॅम. अख्ख्या अंगातलं पाच लिटर रक्त धरलं तरी हिशेब चमचाभर साखरेचा! ती चमचाभर साखर पाणी, प्रथिनं, चरबी, क्षार या सगळ्या गर्दीतून ओळखायची. त्यासाठी फक्त ग्लुकोजलाच हात लावेल असं काहीतरी लागतं.

ते सापडलं बुरशीत. कांद्याच्या सालीवर काळी पूड दिसते ना, ती बहुतेक वेळा अ‍ॅस्परजिलस नायजर नावाची बुरशी असते. याच बुरशीपासून ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम काढतात. हे एन्झाइम ग्लुकोजला बरोबर धरतं, बाकीच्या साखरांकडे जवळजवळ ढुंकूनही बघत नाही. ते ग्लुकोजवर काम करताना ऑक्सिजन खर्च होतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. अमेरिकेत लेलंड क्लार्क नावाचे शास्त्रज्ञ होते, ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड त्यांनी आधीच बनवला होता. १९६२ साली त्यांनी सुचवलं की इलेक्ट्रोडवर पातळ पडद्यात हे एन्झाइम बसवू. जितकं ग्लुकोज, तितका ऑक्सिजन खर्च, आणि तो विजेच्या प्रवाहातून मोजता येतो. म्हणजे साखरेचं भाषांतर थेट विजेत. आज घरोघरी ज्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आहेत, त्यांच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

पण ही गोष्ट नुसत्या केमिस्ट्रीची नाही. माझा यातला सगळ्यात आवडता माणूस एक इंजिनिअर आहे. रिचर्ड बर्नस्टाइन. बाराव्या वर्षी त्यांना टाइप वन डायबेटिस झाला, आणि तिशीत असतानाच शरीर बिघडायला लागलं होतं. १९६९ मध्ये त्यांना एका नव्या मीटरची जाहिरात दिसली. हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात रात्री बेशुद्ध माणूस आला, तर तो दारू प्यायलाय की डायबेटिसमुळे पडलाय हे ओळखायला ते यंत्र होतं. एन्झाइम तेच, पण पट्टीवर. रंग किती गडद झाला ते यंत्र वाचायचं. वजन तीन पौंड, किंमत साडेसहाशे डॉलर, आणि विकत मिळणार फक्त डॉक्टरांना. त्यांची बायको डॉक्टर होती, तिच्या नावावर त्यांनी ते मागवलं. मग दिवसातून पाच-पाच वेळा स्वतःची साखर मोजायची आणि त्यानुसार इन्सुलिन आणि खाणं बदलायचं, असं सुरू केलं. तब्येत सुधारली. त्यांनी लेख लिहून मेडिकल जर्नल्सना पाठवला, तर कुणी छापेना. तेव्हा हे गृहस्थ पंचेचाळिसाव्या वर्षी मेडिकल कॉलेजात दाखल झाले आणि डॉक्टर झाले! साखर काटेकोर ठेवली तर डोळे, किडनी, नसा वाचतात, याचा मोठा पुरावा डीसीसीटी या अभ्यासातून १९९३ साली आला. पेशंटच्या हातात आकडा आला की काय होतं, ते या माणसाने वीस-बावीस वर्षं आधी स्वतःवर करून दाखवलं होतं.

बरं, आता दंडावर लावायच्या सेन्सरकडे येऊ. दोन रुपयांच्या नाण्याएवढी चकती, तिच्याखाली सुमारे पाच मिलिमीटर लांबीची बारीक तार त्वचेखाली. लावताना सुई टोचतेच, मग ती बाहेर येते आणि तार आत राहते. पण त्वचेखाली ग्लुकोजच्या मानाने ऑक्सिजन खूपच कमी असतो. क्लार्कची रिअ‍ॅक्शन तर ऑक्सिजनवर चालते, मग आकडा साखरेचा की ऑक्सिजनचा? टेक्सास विद्यापीठातले अ‍ॅडम हेलर यांनी यावर सुंदर उपाय काढला. ऑस्मियम हा धातू असलेलं एक पॉलिमर बनवून त्यांनी एन्झाइमला जणू वायरच जोडली. इलेक्ट्रॉन एन्झाइममधून थेट इलेक्ट्रोडवर, मध्ये ऑक्सिजनची गरजच नाही. २०१४ मध्ये युरोपात आलेल्या फ्रीस्टाइल लिब्रे सेन्सरमागे हेच तंत्र आहे. चौदा दिवस लावून ठेवायचा.

आता फोनवर दिसणाऱ्या आकड्याबद्दल, कारण गडबड इथे होते. ती तार रक्तात नसते. ती पेशींमधल्या पाण्यात असते, आणि रक्तातली साखर तिथे पोचायला साधारण पाच ते दहा मिनिटं लागतात. तार मोजते अगदी बारीकसा प्रवाह, आणि सॉफ्टवेअर त्याचा आकडा बनवतं. चांगल्या सेन्सरचीही सरासरी चूक साधारण नऊ-दहा टक्के धरा. त्यात रात्री त्याच दंडावर झोपलात तर तिथला पुरवठा दबतो आणि पहाटे तीनला साखर खाली गेल्याचा खोटा अलार्म वाजतो. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसने काही सेन्सर जास्त आकडा दाखवतात, कारण तेही इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉन देतं. काही जुन्या सेन्सरना पॅरासिटामॉल असंच फसवायचं. अ‍ॅपमध्ये मात्र १४२ असा ठसठशीत आकडा दिसतो, जणू दगडावरची रेघ. मी स्वतः कोड लिहून पोट भरतो, म्हणून सांगतो, स्क्रीन जितकी गुळगुळीत, तितकी खालची धाकधूक झाकली जाते. घाम फुटलाय, हात थरथरतायत आणि अ‍ॅप म्हणतंय सगळं ठीक, तर बोटाला टोचून बघा. कंपन्यांच्या सूचनांतही हेच लिहिलेलं असतं.

एवढ्या चुका असलेल्या आकड्यावर यंत्राने स्वतः इन्सुलिन द्यायचं का? हा प्रश्न खरा अवघड. पहाटेचा सोलरचा नळ आठवा. गरम पाणी येत नाही म्हणून आणखी सोडता, आणखी सोडता, आणि एकदम चटका बसतो. इथे सेन्सर दहा मिनिटं मागे, आणि टोचलेल्या इन्सुलिनचा जोर यायला तास-दीड तास. शिवाय एकदा दिलेलं इन्सुलिन परत काढता येत नाही.

डेना लुईस या अमेरिकन मुलीला टाइप वन आहे. तिची पहिली अडचण साधी होती: झोपेत सेन्सरचा अलार्मच ऐकू यायचा नाही. ती आणि स्कॉट लाइब्रँड यांनी मोठ्या आवाजाचा अलार्म बनवला, मग अंदाज सांगणारा प्रोग्रॅम, आणि शेवटी पंपच सेन्सरला जोडला. २०१५ मध्ये ओपन-एपीएस नावाने ते डिझाइन त्यांनी सगळ्यांसाठी खुलं केलं. त्या काळच्या या पेशंट-इंजिनिअर मंडळींची घोषणाच होती, 'वी आर नॉट वेटिंग'. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, एफडीएने कंपनीने बनवलेल्या अशा पहिल्या सिस्टिमला मंजुरी दिली.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. ओपन-एपीएस पंपाला कायमचा हुकूम देतच नाही. ते सांगतं, पुढची अर्धा तास इन्सुलिन थोडं कमी किंवा थोडं जास्त सोड. कनेक्शन तुटलं, बॅटरी संपली, कॉम्प्युटर अडकला, तर अर्ध्या तासात पंप आपोआप डॉक्टरांनी ठरवलेल्या नेहमीच्या वेगावर येतो. आपण चुकणार हे गृहीत धरून लिहिलेला कोड. आपल्या क्षेत्रात हे रोज बोललं जातं, पण इथे चुकीची किंमत कुणाचातरी जीव आहे.

आपल्याकडे सेन्सर मिळतात, पण चौदा दिवसांच्या एका सेन्सरला काही हजार रुपये पडतात, आणि वर्षाला लागतात सव्वीस. सध्या फिटनेसवाले ठणठणीत लोक भात खाल्ल्यावर रेघ किती वर गेली याचे स्क्रीनशॉट टाकतात. टाका, पैसे तुमचे. पण इन्सुलिनवर जगणाऱ्या ज्या मुलांना याची खरी गरज आहे, त्यांच्यातल्या अनेकांच्या घरी साध्या पट्ट्यासुद्धा पुरवून पुरवून वापरतात. हे मला खुपतं.

आणि आईसाठी काय घ्यायचं? गोळ्या चालू असतील तर बहुतेकांना साधा ग्लुकोमीटर पुरतो, किती वेळा तपासायचं ते डॉक्टरांना विचारा. पट्ट्यांची तारीख बघून घ्या. डबीचं झाकण घट्ट लावा, विशेषतः पावसाळ्यात, कारण दमट हवेने पट्टीवरचं रसायन खराब होतं. आणि टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करायला सांगा. आंबा खाऊन तसंच बोट टोचलं तर मीटर आंब्याचीही साखर मोजतो.