अर्धं घर वाचवता येतं का?

आज वाडे-किल्ले नाहीत. आज टोरांटोतली विटांची जोडघरं, म्हणजे सेमी-डिटॅच्ड. दोन घरं, मधली भिंत एकच, आणि समोरून बघितलं तर एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. अशाच एका घराच्या तळघरात मी भाड्याने राहतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहर वाढलं तेव्हा कारागीर, कारकून लोकांसाठी अशा गल्ल्याच्या गल्ल्या उभ्या राहिल्या. ‘यात वारसा कसला?’ असं लोक विचारतात. आता हे ऐका. डॉन नदीच्या खोऱ्यात १८८९ साली वीटभट्टी सुरू झाली. तिथल्या विटा कासा लोमा या महालात गेल्या, मॅसी हॉलमध्ये गेल्या. शहरातल्या साध्या घरांची वीटही स्थानिक मातीचीच. महाल सगळे जपतात. कारकुनाचं घर कोण जपणार?

आता खरी गोम. या विटा मऊ, आणि त्या चुन्यात बसवलेल्या. भिंतीत शिरलेलं पाणी चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडतं. शेजारच्यांनी दुरुस्तीत सांध्यांत सिमेंट भरलं. दिसायला एकदम चकाचक! पण सिमेंट पाणी अडवतं, ते विटेत साचतं, थंडीत गोठून फुगतं आणि विटेचे पापुद्रे सुटतात. दोन हिवाळ्यांत त्यांच्या भिंतीखाली लाल भुगा पडायला लागला. मधली भिंत सामाईक, त्यामुळे काळजी आमच्या मालकांनाही.

कायदा आहे ना? आहे. ऑन्टारिओचा वारसा कायदा १९७५ चा. एकट्या वास्तूला संरक्षण हवं तर नऊपैकी किमान दोन निकष पूर्ण व्हावे लागतात. पण जोडघराचे मालक दोन, कागदावर मालमत्ताही दोन. एका अर्ध्याला संरक्षण आणि दुसरं अर्धं मोकळं, असंही होऊ शकतं. मला हे पटत नाही. या घराची किंमतच जोडीत आहे. एक बाजू पाडली की उरतं ते कापलेलं घर.

‘शहरात राहायला जागा नाही आणि तुला विटा सुचतात?’ असं मित्र म्हणतो. भाडं मीही भरतो, बाबा! पण याच घरांत मजले वेगळे करून दोन-तीन बिऱ्हाडं आरामात राहतात. त्यासाठी समोरची भिंत पाडावी लागत नाही. प्रत्येक जोडघर जपा असंही मी म्हणत नाही, फक्त निर्णय जोडीचा एकत्र व्हावा.

तुम्ही अशा घरात राहत असाल तर विटांमधला सांधा किल्लीने अगदी हलकेच खरवडून बघा. भुगा पडला तर बहुतेक चुना. किल्लीच घासली गेली, तर गवंड्याला बोलवायच्या आधी मालकांशी बोला.