निरपेक्ष शून्य आणि न सापडलेले पुस्तक



मराठीच्या अध्यापकाने शताब्दीच्या प्रसंगी पदार्थविज्ञानावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ‘निरपेक्ष तापमान’ या संज्ञेतील पहिल्या शब्दानेच मला या विषयाकडे ओढले. निरपेक्ष म्हणजे ज्याला दुसऱ्या कशाचा आधार लागत नाही ते.

निपाणीच्या दवाखान्यात १०० अंश म्हणजे अंगात थोडा ताप. बेळगावच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत १०० अंश म्हणजे उकळते पाणी. पहिले माप फॅरनहाइटचे, दुसरे सेल्सिअसचे. दोन्ही शून्ये माणसाने सोयीने ठरविलेली. सेल्सिअस यांनी तर १७४२ साली पाणी उकळते तेथे शून्य आणि गोठते तेथे १०० धरले होते. तो क्रम पुढे उलटला. शिवाय पाऱ्याचा आणि हवेचा तापमापक मधल्या अंशांवर तंतोतंत जुळत नाहीत. मग खरे माप कोणते?

उत्तराचे बीज सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याच्या १८२४ सालच्या लहानशा पुस्तकात होते. आदर्श उष्णतायंत्राची कार्यक्षमता आत वाफ आहे की हवा यावर नव्हे, तर उष्ण व थंड या दोन टोकांच्या तापमानांवरच अवलंबून असते, असे त्यांनी प्रतिपादिले. पुस्तक फारसे वाचले गेले नाही. १८३२ साली, वयाच्या ३६ व्या वर्षी, पटकीने त्यांचा अंत झाला.

१८४५ साली विल्यम थॉम्सन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, पॅरिसच्या पुस्तकविक्रेत्यांकडे हे पुस्तक शोधत हिंडले. ते मिळाले नाही. क्लॅपेरॉन यांच्या १८३४ सालच्या लेखामुळेच कार्नोंचा विचार त्यांच्यापर्यंत पोहोचला. मूळ ग्रंथ हाती नसतानाच १८४८ साली त्यांनी कोणत्याही विशिष्ट पदार्थावर न विसंबणारी मापश्रेणी मांडली. १८५४ साली तिला आजचे रूप आले. तिचे शून्य उणे २७३.१५ अंश सेल्सिअसला येते. त्याखाली तापमान उतरत नाही.

त्याच १८४८ साली पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी स्थापन झाली आणि लोकहितवादींची शतपत्रे ‘प्रभाकर’मधून प्रसिद्ध होऊ लागली.

आज जागेच्या अडचणीमुळे, वर्षानुवर्षे कोणी न नेलेल्या पुस्तकांचे निर्लेखन करावे, असा विचार अनेक वाचनालयांपुढे येतो. अडचण खरी आहे. परंतु मागणी हे ग्रंथाचे सापेक्ष माप होय. या सीमाभागात जुना मराठी ग्रंथ एकदा रद्दीत गेला, तर तो शोधणाऱ्याने कोठे जावे? प्रत्येक कार्नोला क्लॅपेरॉन भेटतोच असे नाही. म्हणून कार्यकारिणीस माझी नम्र विनंती आहे : निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी त्यातील प्रत्येक पुस्तक कोणीतरी एकदा उघडून वाचावे.