आधी भाव, मग गाडी



या व्यासपीठावरून आपण वाङ्मय ऐकता, इतिहास ऐकता, अध्यात्म ऐकता. आम्ही मात्र आपल्यापुढे भाड्याच्या मोटारीचा हिशेब घेऊन उभे आहोत. विषय कोणाला किरकोळ वाटेल. पण आपल्या परभणी जिल्ह्यात माणूस गाडी भाड्याने करतो ती केव्हा? घरात लग्न निघते तेव्हा, तुळजापूर-माहूरचा नवस फेडायचा असतो तेव्हा, आणि रात्री-अपरात्री आजाऱ्याला नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला हलवायचे असते तेव्हा. या तिन्ही वेळी माणूस घाईत असतो, भावनेत असतो, घासाघीस करण्याच्या मनःस्थितीत नसतो. म्हणूनच अशा वेळी भाव उघड असणे ही चैन नव्हे, गरज आहे.

आम्ही वकील नव्हे. शाळा लवकर सुटली. कायदा शिकलो तो कामगार कचेरीच्या बाकावर, तारखेची वाट पाहत, जुनी निकालपत्रे वाचून. तिथे आमचा पहिला धडा पगाराचा होता. १९३६ साली पगार देण्यासंबंधी कायदा झाला. त्याने मालकाला बजावले की, कामगाराच्या पगारातून कशाकशापोटी पैसे कापता येतील ते कायद्यात लिहिले आहे. त्याबाहेर एक पैही कापता येणार नाही. तो कायदा आता वेतन संहितेत विलीन झाला आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण तत्त्व तेच राहिले. जे कापायचे ते आधी सांगून, लिहून, कायद्याच्या आधाराने कापा. आमचे म्हणणे असे की, मजुरीतून होणारी छुपी कपात आणि भाड्यावर चढणारी छुपी वाढ या एकाच घरच्या दोन लेकी आहेत. एक कामगाराचा खिसा कापते, दुसरी गिऱ्हाइकाचा. आणि कामगार काय, गिऱ्हाईक काय, माणूस बहुधा एकच असतो.

ही वाढ कशी चढते ते पाहू. परभणीहून नांदेड सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. जाऊन-येऊन दीडशे धरा. आकडे आम्ही नमुन्यादाखल घेतो. गाडीवाला फोनवर सांगतो, "तेरा रुपये किलोमीटर." आपण मनात हिशेब करतो: एकोणीसशे पन्नास. परत आल्यावर कळते की रोजचे किमान तीनशे किलोमीटर धरतात, मग गाडी चालो वा न चालो. झाले तीन हजार नऊशे. त्यावर ड्रायव्हरचा भत्ता चारशे. रात्री उशीर झाला म्हणून तीनशे. टोल आणि पार्किंग मिळून दीडशे. बेरीज चार हजार सातशे पन्नास. शिवाय किलोमीटर मोजायचे ते आपल्या दारापासून नव्हे, मालकाच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत, हेही शेवटी समजते. पंचवीस-पंचवीस रुपये जोडून ज्याने दवाखान्याचे पैसे जमवले, त्याच्या हिशेबात दोन हजार आठशे रुपयांचा खड्डा पडतो. तो खड्डा औषधांच्या पैशातून भरावा लागतो.

इथे मालकाची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर आमचे बोलणे एकतर्फी होईल. गाडीवर बँकेचा हप्ता असतो. विमा, पासिंग, टायर यांचा खर्च गाडी उभी असली तरी चालू राहतो. नांदेडला सोडून गाडी रिकामी परत आली तरी डिझेल जळतेच. तेव्हा परतीचे भाडे मागणे अन्याय नाही. किमान किलोमीटर धरणेही अन्याय नाही. आमचे भांडण भावाशी नाही, लपवलेल्या भावाशी आहे. तीनशे किलोमीटरची अट गाडी निघण्याआधी सांगितली, तर तो सौदा होतो. तीच अट गाडी परत आल्यावर सांगितली, तर ती फसवणूक ठरते. रक्कम दोन्हीकडे सारखीच.

आता कायदा काय म्हणतो? ग्राहक चळवळ आपल्याकडे कोणी बाहेरून आणून बसवलेली नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली. १९८६ साली देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात ग्राहकाचे जे हक्क सांगितले आहेत, त्यांत वस्तू आणि सेवा यांच्या किमतीची माहिती मिळण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत आहे. भाड्याची गाडी ही सेवाच होय.

या कायद्यात चार प्रकारचे भाव सांगितले आहेत, आणि त्यांहून जास्त पैसे घेतले तर तक्रार करता येते. पहिला, कायद्याने ठरवलेला भाव. दुसरा, मालावर किंवा वेष्टनावर छापलेला भाव. तिसरा, कायद्यानुसार लावलेल्या दरपत्रकावरचा भाव. चौथा, दोन्ही बाजूंनी आपसांत कबूल केलेला भाव.

पहिल्याचे उदाहरण आपल्या रोजच्या अनुभवातले आहे. आपली मुले शिक्षणाला, कामाला पुण्यास असतात आणि दिवाळीत खाजगी बसने येतात. महाराष्ट्र शासनाने २७ एप्रिल २०१८ च्या निर्णयाने या गाड्यांच्या भाड्याला कमाल मर्यादा घातली: तशाच प्रकारच्या एस.टी. गाडीच्या भाड्यापेक्षा पन्नास टक्क्यांहून अधिक घेता येणार नाही. म्हणजे एस.टी.चे भाडे सहाशे असेल, तर खाजगी गाडीने नऊशेच्या वर जाऊ नये. ही मर्यादा प्रवाशाला ठाऊक नसेल तर ती कागदावरच राहते.

पण आपण पूर्ण मोटार सांगून नेतो, तेव्हा या चार भावांपैकी आपल्या हाती बहुधा चौथाच उरतो. म्हणजे आपसांत कबूल केलेला. आणि कबुली असते तोंडी! मालक म्हणतो, "मी सांगितले होते." आपण म्हणतो, "नाही सांगितले." तोंडी कराराला कायद्यात जागा आहे, पण पुरावा कोण देणार? भाड्याच्या सगळ्या व्यवहाराचे कच्चे अंग हेच आहे.

मोबाइलवर गाडी मागवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. तसले तेरा प्रकार त्यांत नोंदले आहेत. त्यांपैकी एक असा, की आधी थोडा भाव दाखवायचा आणि उरलेला थेंबाथेंबाने, शेवटच्या पायरीपर्यंत वाढवत न्यायचा. दुसरा असा, की न मागितलेली सेवा किंवा देणगी गुपचूप हिशेबात सरकवायची. हे दोन्ही प्रकार अनुचित ठरवले आहेत. आणि हे प्राधिकरण नुसते शोभेचे नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये रॅपिडो कंपनीला या प्राधिकरणाने दहा लाख रुपये दंड केला. पाच मिनिटांत रिक्षा, नाहीतर पन्नास रुपये, अशी तिची जाहिरात होती. प्रत्यक्षात रोख पन्नास मिळत नव्हते, थोडे दिवस चालणारी कंपनीची नाणी मिळत होती. त्याआधी २०२४ मध्ये ओला कंपनीला रिक्षाच्या फेरीचीही पावती देण्यास आणि परतावा बँकेत हवा की कूपनाच्या रूपाने, हे ग्राहकाला निवडू देण्यास सांगितले गेले.

चालकाविना नुसती गाडी घेऊन जाणारे तरुण आता पुष्कळ झाले आहेत. तिथे अडचण अनामतीची आणि ओरखड्यांची. जगभर हीच रड आहे. युरोपात तक्रारी इतक्या वाढल्या की युरोपीय आयोगाने पाच मोठ्या मोटारभाडे कंपन्यांकडून, अटळ असलेले सर्व आकार पहिल्याच किमतीत दाखवण्याचे कबूल करून घेतले. ही गोष्ट २०१७ साली जाहीर झाली. आपल्या २०१९ च्या कायद्यातही उघडपणे अवाजवी अनामत मागणे आणि नुकसानीच्या मानाने भलताच दंड लावणे, ही अन्यायी कराराची लक्षणे सांगितली आहेत. त्याची दाद राज्य आयोगाकडे मागता येते. गाडी ताब्यात घेताना चहूबाजूंनी छायाचित्रे काढा. आणि पाटीचा रंग पाहा: चालकासह भाड्याची गाडी पिवळ्या पाटीची, चालकाविना भाड्याची काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्त मिळते खरी, पण भाड्याने चालवण्याचा तिला परवाना नसतो, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी त्यावरच बोट ठेवते.

आता चालकाकडे वळू, कारण आमचे आयुष्य त्यांच्यात गेले. एका मालकाच्या गाडीच्या बिलावर आम्ही चालकभत्ता चारशे रुपये पाहिला. मालकाचे नाव सांगण्याचे कारण नाही. गाडी चालवणारा गडी गंगाखेडकडचा. त्याला विचारले, "बाबा, हे चारशे तुला मिळतात ना?" तो हसला. म्हणाला, "दादा, मला दोनशे देतात. बिल मी कधी पाहिलं नाही. गिऱ्हाईक मात्र मलाच शिव्या घालतं." बंधूंनो, हे नीट ध्यानात घ्या. छुपा हिशेब गिऱ्हाइकाला लुबाडतो आणि चालकालाही लुबाडतो, आणि वर त्या दोघांनाच एकमेकांशी भांडायला लावतो. बिल उघड झाले, तर चालकाला आपला भत्ता कळेल आणि प्रवाशाला आपले पैसे कोठे गेले ते कळेल. १ जुलै २०२५ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत, मोबाइलवरून गाड्या पुरवणाऱ्या कंपन्यांनी स्वतःची गाडी जोडणाऱ्या चालकाला भाड्याचा किमान ऐंशी टक्के वाटा द्यावा असे म्हटले आहे. भाडे उघड नसेल, तर ऐंशी टक्के कशाचे?

मग करावे काय? गाडी ठरवताना इतक्या गोष्टी एका चिठ्ठीवर किंवा मोबाइलच्या संदेशात लिहून घ्याव्यात: किलोमीटरचा दर, किमान किलोमीटर, मोजणी कोठून कोठवर, डिझेल धरून की वेगळे, चालकाचा भत्ता, रात्रीचा आणि थांबण्याचा आकार, टोल-पार्किंग कोणाचे. शेवटी अंदाजे एकूण रक्कम. गाडी निघताना आणि परतल्यावर मीटरच्या आकड्याचे छायाचित्र घ्यावे. पावती मागावी, पावती नाकारणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. तरीही फसगत झाली, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सांगावे. पुढे परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. कंपनीची कचेरी बंगळुरात असली तरी आपण राहतो तिथे तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे असे नाही. तारखा पडतात, हे आम्ही लपवत नाही. पण हातात चिठ्ठी असेल तर तारखेला अर्थ असतो.

परंतु दवाखान्याच्या दारात रात्री दोन वाजता कोण चिठ्ठी लिहीत बसणार? सरकारची १०८ ची रुग्णवाहिका विनामूल्य आहे, हे घराघरात माहीत असावे. आणि जिथे गाडी करावीच लागते, तिथे भाव आधीच भिंतीवर असावा. म्हणून आमची सूचना अशी: परभणीचे रेल्वे स्टेशन, बसस्थानक आणि दवाखान्यांचा परिसर, तसेच जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, गंगाखेड, पूर्णा येथील गाडीतळ, इथे प्रत्येक गाडीमालकाने आपला संपूर्ण दरफलक लावावा. सर्वांनी मिळून एकच दर बांधावा असे आम्ही म्हणत नाही. ते संगनमत होईल आणि २००२ चा स्पर्धा कायदा आडवा येईल. ज्याचा त्याने आपला दर लावावा, पण पुरा लावावा. जो आधी लावील त्याच्याकडे आपण जावे. प्रामाणिक मालकाचा यात तोटा नाही. आज पहिला आकडा खोटा सांगणारा त्याचे गिऱ्हाईक पळवतो, ते थांबेल.

संघटनेत आम्ही एक गोष्ट शिकलो. पगाराचा कागद एका कामगाराने मागितला तेव्हा त्याला उर्मट म्हटले गेले. शंभरांनी मागितला तेव्हा तो छापून आला. लग्नसराई तोंडावर आहे. या सभागृहातून जाणाऱ्या प्रत्येकाने पुढची गाडी ठरवताना एवढेच विचारावे: "सगळे धरून किती, ते लिहून द्या." ऐकणारा पहिल्यांदा कपाळाला आठ्या घालील. विचारणारे वाढले की तोच खिशात छापील कागद ठेवू लागेल.