भर दुपारी विहिरीवर आलेली बाई

 

बचत गटाच्या बैठकीत आपण पैशाचा हिशेब लिहितो. एकदा आम्ही वहीच्या मागच्या पानावर बायका स्वतःबद्दल काय बोलतात तेही लिहून ठेवलं. 'मले काय समजते, तुम्हीच सांगा.' 'आपल्याले जमनार नाही बाप्पा.' 'बँकवाला मले कायले कर्ज देईन?' पान भरायला वेळ लागला नाही. शेवटची ओळ एका ताईची होती. नवऱ्यानं कर्जापायी जीव दिला, तेव्हापासून ती म्हणते, 'मीच खाल्लं त्याले, मी पांढऱ्या पायाची.'

आम्ही तिला विचारलं, हे पहिल्यांदा कोण म्हणालं? बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, तेरवीला आलेली एक नातेवाईक बाई. ती बाई त्याच दिवशी जेवून आपल्या गावी गेली, वाक्य मात्र हिच्याकडे राहिलं. आता ते दुसऱ्या कोणी म्हणावं लागत नाही, हीच स्वतःला रोज ऐकवते. २००६ साली शेतकरी आत्महत्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज आलं, त्या सहा जिल्ह्यांत आपला वाशिम होता. अशा ताया गावोगावी आहेत, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आमच्या गटांत हिंदू, बौद्ध, बंजारा, मुसलमान बहिणी आहेत, काही ख्रिस्तीही आहेत. वाशिमच्या मिशन दवाखान्यामुळे ख्रिस्ती माणसं आपल्या भागाला नवी नाहीत. कोणी धर्म बदलावा म्हणून आजचं हे बोलणं नाही. आमच्यातल्या ज्या येशूला मानतात, त्यांना मनातल्या या बोलण्याशी लढताना काय कामी आलं, तेवढं सांगतो. आणि त्यासाठी पंडिता रमाबाईंकडे जावं लागेल.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांची बोलणी सोसून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या माउलीनं मुलीला. पुढे दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायी हिंडत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. बाईला याहून मोठा मान त्या काळी कुठला मिळणार? पण त्याच कलकत्त्यात धर्मग्रंथ वाचताना त्यांना दिसलं की बाकी बाबतींत ग्रंथांची मतं वेगवेगळी, पण बाईची जातच वाईट यावर मात्र बहुतेकांचं एकमत. हे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिलं आहे. म्हणजे बघा, आपण म्हणतो 'मी अडाणी, म्हणून मला असं वाटतं.' रमाबाईंना तर हजारो श्लोक पाठ होते. नुसत्या शिक्षणानं हा आवाज थांबत असता तर त्यांचा तेव्हाच थांबला असता.

लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, नवरा वारला. कडेवर लहानगी मनोरमा. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमध्ये फुलहॅम नावाच्या भागात ख्रिस्ती भगिनींचं एक घर होतं. समाजानं 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायकांना तिथं मायेनं ठेवत. रमाबाईंना नवल वाटलं. अशा बायकांची इतकी काळजी तुम्ही का घेता, असं त्यांनी विचारलं. एका भगिनीनं उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

ही गोष्ट आपल्या बायकांना लगेच कळते. एक बाई भर दुपारी एकटी विहिरीवर येते. आपण कधी जातो पाण्याला? सकाळी, चौघींबरोबर. उन्हात एकटी कोण जाते, तर जिला चौघींचं बोलणं नको असतं ती. तिचे पाच नवरे होऊन गेलेले, आणि आता आहे तो नवरा नव्हे. येशू तिच्याकडे पाणी मागतो. तिच्या हातचं पाणी, जे त्याच्या जातीतलं कोणी पीत नसे. तिचं सगळं त्याला ठाऊक आहे, तरी तो तिच्याशी देवाच्या भक्तीबद्दल बोलत बसतो. मग ती घागर तिथंच टाकून गावात पळते आणि ज्यांना टाळत होती त्यांनाच बोलावून आणते.

त्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ ला, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण सगळं एका दिवसात बदललं नाही. आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त नाही, हे जवळपास आठ वर्षांनी उमगलं, असं त्या स्वतः सांगतात. आम्हाला हे फार धीराचं वाटतं.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणि बायका आणल्या आणि त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. या मुली नुसत्या प्रार्थनेला बसवल्या नाहीत. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना ही कामं त्यांच्या हातात दिली. अंध मुली ब्रेल वाचायला शिकल्या. रमाबाईंनी मराठीत केलेलं अख्खं बायबल मुक्तीतच छापलं गेलं, आणि त्याचे खिळे बायकांनी जुळवले. 'ही काय कामाची' म्हणून जिला टाकलं, तिच्या हातून ते पान निघालं!

आता आमचं. मन बोलायला लागलं की आमच्या ख्रिस्ती बहिणी ते वाक्य स्वतःला न ऐकवता देवाला ऐकवतात. 'मी पांढऱ्या पायाची' याऐवजी 'देवा, मला लोक पांढऱ्या पायाची म्हणाले, तू काय म्हणतोस?' बायबलच्या स्तोत्रांत अशी गाऱ्हाणी भरपूर आहेत, त्यामुळे गाऱ्हाणं मांडण्यात त्यांना पाप वाटत नाही. मनातल्या मनात वाक्य गोल फिरत राहतं, दुसऱ्यापुढे मांडलं की उत्तराला जागा होते. ज्या बहिणी येशूला मानत नाहीत, त्या हेच मैत्रिणीपुढे मांडतात.

एक मात्र स्पष्ट सांगतो. झोप उडाली, जेवण सुटलं, जीव द्यावासा वाटतो, तर 'प्रार्थना कमी पडली' असं त्या बाईला कोणीही म्हणू नये. तो आणखी एक दगड तिच्या डोक्यावर. तिला एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या. टेलीमानसचा नंबर १४४१६ आहे, फोन फुकट लागतो, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवा.

ती ताई अजून कधी कधी तेच म्हणते. पण गेल्या बैठकीत म्हणताना मध्येच थांबली आणि म्हणाली, 'हे त्या बाईचं बोलनं आहे, माह्यं नाही.' मग तिनं हप्त्याचे पैसे मोजून दिले आणि शेळीच्या कर्जाचा अर्ज मागितला.